आधी पडव्या आखा, मग खोल्या

पत्र

ताई, आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत पाच-सात मिनिटांवर. गेल्या पावसात मागची मातीची भिंत खचली आणि आता नवं घर बांधायचंच असं ठरलं. जागा नऊ गुंठे आहे. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला उतार आणि पुढे समुद्र, ईशान्य कोपऱ्यात विहीर. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, बाराही महिने गावातच असतात. मी आणि हे पुढच्या वर्षी डोंबिवलीहून कायमचे येणार आहोत. मुलगा-सून सुट्टीला येतात. गणपतीत दोन दीर, दोन नणंदा आणि त्यांची मुलं धरून वीस-बावीस माणसं होतात.

मुंबईच्या एका ओळखीच्या ड्राफ्ट्समनने साडेचौदाशे फुटांचा प्लॅन काढून दिला. पश्चिमेला मोठा हॉल, त्याला समुद्राकडे आठ फुटी काचेची खिडकी, हॉललाच लागून उघडं किचन, चार बेडरूम, चारही अटॅच्ड, वर सपाट स्लॅब. ह्यांना आणि मुलाला तो फार आवडला. सासूबाईंनी कागद बघितला आणि एवढंच विचारलं, "लाकडं कुठे ठेवायची? आणि पाय कुठे धुवायचे?" त्या दिवसापासून त्या घराचा विषयच काढत नाहीत. ह्यांचे चुलतभाऊ म्हणतात, स्वयंपाकघर आग्नेयेलाच हवं. मला कोणाचीच बाजू घेता येत नाही. प्लॅनचा फोटो सोबत जोडला आहे. काय करू?
— एक सून, गुहागर तालुका

उत्तर

वहिनी, मी तुमच्या सासूबाईंच्या बाजूने आहे, हे आधीच सांगून टाकते. जुनं घर जसंच्या तसं पुन्हा उभारा, असं मी म्हणत नाही. माजघरातला अंधार, रात्री अंगण ओलांडून गाठायचं शौचालय, धुराने काळी झालेली स्वयंपाकघराची भिंत, यातलं काहीही परत नको. पण त्यांनी विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं तुमच्या प्लॅनमध्ये खरोखरच कुठे नाहीत, आणि ती नाहीत म्हणजे तो प्लॅन त्या जागेचा नाही.

तो फ्लॅटचा प्लॅन आहे. फ्लॅटमध्ये भिंत संपली की घर संपतं. तिथे कोणी चिखलाचे पाय घेऊन येत नाही, सोडणं (नारळाची वाळलेली सालं) आणि झावळ्या साठवायच्या नसतात, पाऊस लागला तर एखाद्या भिंतीला लागतो. आपल्याकडे भिंतीच्या बाहेर आणखी सहा-आठ फूट घर चालूच असतं आणि दिवसातली निम्मी कामं तिथे होतात. तुमच्या ड्राफ्ट्समनने हे सहा-आठ फूट खोल्यांमध्ये वाटून टाकले. साडेचौदाशे फुटांमध्ये एकही पडवी नाही.

कागद बाजूला ठेवा आणि जुलैमधला एक दिवस मनात चालवून बघा. सकाळी दूध घेऊन येणारा ओला रेनकोट घालून कुठे उभा राहील? चार दिवस न वाळलेल्या साड्या आणि चादरी कुठल्या दोरीवर असतील? बंब पेटवायला सोडणं कोरडी हवीत, ती कुठे असतील? वाडीतलं कोणी मयताचं किंवा लग्नाचं सांगायला आलं तर ते चपला न काढता जिथे टेकेल, ती जागा कुठे आहे? मग एप्रिल-मे आणा डोळ्यांसमोर. आंबे उतरवले की अढी कुठे घालाल, पेट्या कुठे भराल, काजूबिया आणि फोडलेले रातांबे संध्याकाळी कुठे ओढून घ्याल? ह्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर "हॉलमध्ये" असं यायला लागलं की दोन वर्षांत त्या हॉलची काय दशा होईल, ते तुम्हालाच दिसेल.

हे मी दुसऱ्याच्या घराकडे बघून सांगत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी दापोलीजवळचं आमचं स्वतःचं घर मीच आखलं. मागची पडवी काढून टाकली आणि तेवढ्या जागेत एक बेडरूम वाढवली. पहिल्याच पावसाळ्यात आईने त्या बेडरूममध्ये खाटेखाली लाकडं रचली, कारण दुसरी कोरडी जागाच नव्हती. पुढे मागच्या भिंतीला पत्र्याची शेड ठोकली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा ती शेड लोखंडी पाइपांसकट शेजाऱ्यांच्या पोफळीत जाऊन पडली. कोणाला लागलं नाही, हे नशीब. आई मला कधी काही बोलली नाही, पण ती चूक माझी होती आणि ती तुमच्या घरात होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता तुमच्या जागेवर काय बसतं ते सांगते. तुमच्याकडे रस्ता पूर्वेला आहे, ही मोठी सोय आहे. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, म्हणजे पूर्वेचं दार झडीपासून आपोआप आडोशाला राहतं. तेव्हा पुढचं दार पूर्वेला आणि त्यापुढे घराच्या पूर्ण रुंदीची ओटी, आठ फूट खोल. मागे पश्चिमेला दुसरी पडवी, सहा फूट खोल. मधे घराचा गाभा, दक्षिणोत्तर पस्तीस फूट आणि पूर्व-पश्चिम चोवीस फूट. गाभ्याचे ८४० फूट, ओटीचे २८०, मागच्या पडवीचे २१०, एकूण १३३० चौरस फूट. भिंतींची जाडी धरलीत तरी तुमच्या साडेचौदाशेच्या आसपासच राहाल. खर्च मात्र कमी येईल, कारण पडवीला बसण्याइतका कठडा आणि खांब पुरतात. तिला खिडक्या नाहीत, फरशीही साधी चालते, नळ-वायरिंग जवळजवळ नाही.

गाभ्याच्या मधोमध माजघर, चौदा फूट रुंद आणि चोवीस फूट लांब. उत्तरेच्या दहा फुटी पट्ट्यात ईशान्येला स्वयंपाकघर आणि त्याच्या मागे मुलगा-सुनेची खोली. दक्षिणेच्या अकरा फुटी पट्ट्यात पुढे सासूबाईंची खोली, मधे पाच फुटांत न्हाणीघर-शौचालय, मागे तुमची दोघांची खोली. मागच्या पडवीच्या उत्तर टोकाला कोठीची खोली, दक्षिण टोकाला बाहेरून जाता येईल असं दुसरं शौचालय आणि हातपाय धुवायची मोरी. शेतातून आलेलं माणूस, गडीमाणूस, गणपतीतली पोरं, सगळ्यांना घरात न शिरता तिथे जाता येईल. सासूबाईंच्या पाय धुण्याचं उत्तर ते. पुढच्या पायऱ्यांपाशीही एक नळ आणि दगडी पाट ठेवा, त्याला फार काही लागत नाही.

माजघर एवढं मोठं कशाला, असं यजमान विचारतील. तुमच्याकडे गणपतीत बावीस माणसं असतात आणि उरलेले साडेतीनशे दिवस तीन. चार अटॅच्ड बेडरूम घेतल्यात तर त्यातल्या दोन वर्षभर बंद राहतील, आणि समुद्राजवळ बंद खोलीचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. गाद्यांना बुरशी, कपाटाला वास, बाथरूमच्या नळांना गंज. माजघरात दहा-बारा जणांची अंथरुणं आरामात पडतात, ओटीवर पुरुषमंडळी आणि मुलगे. सणाच्या रात्री माणसं अशीच झोपत आली आहेत, आणि तुमच्या नणंदांना बालपणीचं घर आठवतं ते त्याच अंथरुणांवरच्या गप्पांचं असणार. भिंतीत गाद्या ठेवायला दोन खोल कपाटं मात्र काढा, जमिनीपासून फूटभर वर.

माजघराची पुढची आणि मागची दारं समोरासमोर घ्या, पण अगदी मधोमध नको, दोन्ही दक्षिण अंगाला सरकवा. दिवसा समुद्रावरून आलेला वारा मागच्या दाराने शिरून ओटीवर निघेल, रात्री जमिनीवरचा वारा उलट जाईल. दारं बाजूला घेतल्यामुळे पश्चिमेची आठ-नऊ फूट भिंत सलग मोकळी मिळते. तिथे गणपती पूर्वेकडे तोंड करून बसेल. त्या भिंतीवर स्विचबोर्ड, खिडकी काही नको. वर फळाफुलांची मंडपी टांगायला छतात चार भक्कम कड्या आत्ताच सोडून ठेवा. आणि पुढचं दार चार फूट रुंद घ्या. शिमग्यात पालखी दारात येते, ती ओटीवर घ्यायची पद्धत तुमच्या गावात असेल तर पायऱ्याही तेवढ्याच रुंद लागतील, आणि पुढे तिला नाचवण्यापुरतं अंगण. तुमच्या प्लॅनमध्ये त्या जागी गाडीचं पार्किंग दाखवलं आहे. गाडी रस्त्याकडेला कोपऱ्यात राहू शकते.

मुलाच्या समुद्राच्या खिडकीबद्दल. त्याची हौस मी समजू शकते, गावाला येऊन समुद्र दिसू नये असं कोणाला वाटेल? पण पश्चिमेचं ऊन आडवं येतं, छपराची पागोळी कितीही पुढे काढलीत तरी ते अडत नाही. ऑक्टोबरमध्ये आणि मार्चपासून मेपर्यंत दुपारी तीन ते सहा त्या काचेमागे बसवणार नाही. जूनपासून तीच काच झडीने आणि खाऱ्या वाऱ्याने धूसर होईल. समुद्र बघायला मागच्या पडवीचा कठडा आहे. तो दीड फूट उंच आणि फूटभर रुंद करा, लाकडी झोपाळा टांगा. पावसाळ्याचे चार महिने त्याच्या पश्चिमेला झावळ्यांचे झाप बांधता येतील असे खांबांना हूक ठेवा. झड पडवी झेलेल आणि आतली भिंत कोरडी राहील. दक्षिणेच्या भिंतीचं उलट आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेलाच झुकलेला असतो, आणि डिसेंबरात तो दक्षिणेला बराच खाली उतरतो. म्हणून सासूबाईंची खोली मी दक्षिणेला घेतली. थंडीत त्यांच्या खाटेवर ऊन येईल आणि उन्हाळ्यात येणार नाही.

त्यांच्या खोलीविषयी आणखी थोडं, कारण ह्या घरात बाराही महिने राहणारं माणूस आज तरी त्याच आहेत. खोलीतून ओटीवर उघडणारी खिडकी हवी, आलंगेलं दिसलं पाहिजे. न्हाणीघराचं दार तीन फुटांचं, बाहेर उघडणारं. माणूस आत पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं. उंबरा नको, फक्त फरशीला उतार. कमोडच्या दोन्ही बाजूंना भिंतीत पक्के धरायचे दांडे. फरशी खरबरीत. जोतं दोन फूट लागेलच, ते पावसाच्या आणि वाळवीच्या दृष्टीने कमी करू नका, पण पायऱ्यांशिवाय एक उतारही ठेवा. चाकाची खुर्ची ढकलायची तर एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, म्हणजे दोन फुटांच्या जोत्याला चोवीस फूट. तुमची ओटी पस्तीस फुटांची आहे, उतार तिच्या कठड्याला समांतर सहज बसतो. आज त्या चालत्याफिरत्या आहेत, तरी हे करा. वीस वर्षांनी तो उतार तुम्हाला लागेल.

चूल. सासूबाई चुलीचं म्हणाल्या नाहीत, पण लाकडं म्हणाल्या, म्हणजे चूल त्यात आलीच. स्वयंपाकघराच्या उत्तर दाराबाहेर, विहिरीच्या वाटेवर, छपराखाली सहा बाय आठची जागा चुलीला आणि बंबाला द्या. पश्चिमेचा वारा धूर घरापासून दूर नेईल. ही केवळ म्हाताऱ्या माणसाची आवड म्हणून मी सांगत नाही. निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पंप बंद, इन्व्हर्टर संपलेला, सिलिंडर पोचवणाऱ्या गाडीला रस्त्यावर पडलेली झाडं. ज्यांच्याकडे चूल आणि विहिरीवर रहाट होता त्यांचं दोन वेळचं जेवण झालं. पंप बसवला तरी रहाट काढून टाकू नका.

आग्नेयेचं. माझं मत विचाराल तर स्वयंपाकघर पाण्याजवळ असावं, आणि तुमचं पाणी ईशान्येला आहे. पण घरात कोणाच्या मनात रुखरुख राहत असेल तर त्या खोलीतच ओटा आग्नेय कोपऱ्यात, पूर्वेकडे तोंड येईल असा घ्या. विहीर ईशान्येला आहेच, देवघर माजघराच्या ईशान्य कोपऱ्यात येतं. चुलतभाऊजींना एवढं पुरेल असं वाटतं.

छपरावर मात्र मी हट्ट धरणार आहे. वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात सपाट स्लॅब घालायचा, पाच-सात वर्षांत तो गळायला लागला की त्यावर पत्र्याची शेड करायची, हे तुमच्या तालुक्यात दर दुसऱ्या नव्या घरावर दिसेल. दोन छपरांचे पैसे जातात. थेट उतरतं छप्पर करा, आणि दुपाखी नको, चौपाखी करा. दुपाखीच्या दोन टोकांच्या त्रिकोणी भिंतींवर वादळाचा वारा सरळ आपटतो, चौपाखीत चारही बाजूंनी उतार असल्याने तो वरून निघून जातो. ओटीचं आणि मागच्या पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं, फूटभर खाली घ्या. वाऱ्याने उचललंच तर पडवीचं जाईल, घरावरचं राहील. जुन्या लोकांनी पडव्या खालच्या पाखीत का ठेवल्या याची बरीच कारणं असतील, हे त्यातलं एक असावं असं मला पत्र्याची शेड उडाल्यापासून वाटतं.

कौलं वानरं फोडतात, वरून नारळ पडतो, म्हणून यजमान स्लॅब म्हणत असतील. ती तक्रार खरी आहे. मग गाभ्यावर तिरका स्लॅब घालून त्यावर मंगलोरी कौलं बसवा आणि पडव्यांवर नुसती कौलं. घरावर येणारे दोन-तीन माड मोह न धरता आधीच तोडून घ्या. स्लॅब घालणार असाल तर कंत्राटदाराला दोन गोष्टी लिहून द्या. आय. एस. ४५६ : २००० ह्या भारतीय मानकात समुद्रकिनाऱ्याच्या उघड्या हवेतलं काँक्रीट तीव्र परिस्थितीत धरलं आहे, त्याला एम ३० दर्जा आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण लागतं. आपल्याकडे बरेचदा वीस-पंचवीस मिलिमीटरवर भागवतात आणि दहा-बारा वर्षांत सळई फुगून पापुद्रे निघतात. दुसरं, खाडीची वाळू न धुता वापरायची नाही, आणि विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते काँक्रीटला नको. त्याची तपासणी करून घ्या. भिंती जांभ्याच्याच करा. जांभ्याचा चिरा खाणीतून काढल्यावर मऊ असतो आणि हवेत टणक होत जातो, म्हणून आणल्या आणल्या रचू नका, थोडे दिवस उघड्यावर पडू द्या. बाहेरून गिलावा नाही केलात तरी चालेल, सांधे नीट भरा आणि पागोळी तीन फूट बाहेर काढा. जोत्याला, दारांच्या वर आणि छपराखाली काँक्रीटचा सलग पट्टा हवाच. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्यांनी अनुभवला ते तुमच्या सासूबाईंच्याच पिढीतले, त्यांना विचारा.

आता पाणी. कोकणात पावसाळ्यात अंगणातून ओढे वाहतात आणि मेमध्ये बाया हंडे घेऊन फिरतात, हे बघत माझा जन्म गेला. साधा हिशोब करा. १००० चौरस फुटांच्या छपरावर ३००० मिलिमीटर पाऊस पडला तर पावणेतीन लाख लिटरांहून जास्त पाणी येतं. त्यातलं फक्त २०,००० लिटर धरून ठेवलंत तर पाच माणसांना माणशी ४० लिटरप्रमाणे शंभर दिवस पुरतं, म्हणजे मार्चपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. ही टाकी जोत्याच्या वेळीच, स्वयंपाकघराच्या उत्तरेला जमिनीखाली बांधायची, नंतर बांधायची म्हटली की ती होत नाही. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी बाहेर सोडून द्यायचं, मग टाकीत घ्यायचं. टाकी भरली की जादा पाणी गाळून विहिरीजवळच्या खड्ड्यात मुरू द्या. त्यासाठी छपराला पन्हळ लागेल, म्हणजे पागोळ्यांचा पडदा जाईल. मला त्याचं वाईट वाटतं. ओटीच्या बाजूला पन्हळ लावू नका, तेवढ्या पागोळ्या राहू देत.

आणि पाण्याची दुसरी बाजू. तुमच्या प्लॅनमधली चारही टॉयलेटं घराच्या चार कोपऱ्यांना आहेत, त्यातलं एक विहिरीच्या अंगाला. हे मला सर्वांत जास्त खटकलं. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर, म्हणजे साठेक फूट, असायला हवा. आपला जांभा सच्छिद्र, त्यातून पाणी झपाट्याने सरकतं, तेव्हा मी त्याहून जास्तच ठेवीन. मी सांगितलेल्या मांडणीत दोन्ही शौचालयं दक्षिणेला आणि नैर्ऋत्येला एकवटली आहेत, एकच सेप्टिक टँक पुरतो, आणि विहीर वरच्या अंगाला कर्णाच्या दुसऱ्या टोकाला राहते. पण पश्चिमेच्या उताराखाली शेजाऱ्यांची विहीर आहे का, हे पत्रात नाही. ते आधी बघा.

कागदपत्रांचं थोडक्यात. पाच-सात मिनिटांचं अंतर म्हणजे भरतीरेषेपासून पाचशे मीटरच्या आत असण्याची दाट शक्यता आहे आणि तिथे सीआरझेड (किनारपट्टीवरच्या बांधकामाचं नियमन) लागतो. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे दाट वस्तीच्या गावांत पहिले ५० मीटर आणि विरळ वस्तीच्या गावांत २०० मीटर बांधकामबंदीचे. जवळ खाडी असेल तर तिचं अंतर वेगळं मोजतात. जुनं घर पाडायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीच्या जुन्या पावत्या जपून ठेवा, जुन्या घराची नोंद तिथे आहे. मोजणी करून घ्या. सातबारा सामायिक असणारच, तेव्हा दिरांच्या बरोबरीने नणंदांचीही लेखी संमती घ्या. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. त्यांच्याकडे नुसता सहीचा कागद पाठवू नका. हा नकाशा घेऊन जा आणि गणपतीत त्या कुठे झोपतील, त्यांचं सामान कुठल्या कपाटात राहील, ते त्यांना दाखवा.

आता तुमची खरी अडचण, कोणाची बाजू घ्यायची. वहिनी, कागदावर हे भांडण मिटणार नाही, कारण घरातल्या निम्म्या माणसांना कागद वाचता येत नाही आणि उरलेल्यांना तो फार सुंदर दिसतो. पुढच्या सुट्टीत सगळे गावी जा. दोन पिशव्या चुन्याची फक्की न्या, दोरी आणि खुंट्या न्या. जागा साफ करून पूर्ण घर खऱ्या मापात जमिनीवर आखा. एका दिवशी ड्राफ्ट्समनचा प्लॅन, दुसऱ्या दिवशी हा. दारांच्या जागी फक्की मोकळी सोडा. मग मुलाला संध्याकाळी चार वाजता त्या आठ फुटी खिडकीच्या जागेवर खुर्ची टाकून तासभर बसू दे. यजमानांना विहिरीवरून हंडा भरून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत दोन खेपा घालू दे. सासूबाईंना त्यांच्या खोलीच्या जागी खाट टाकून द्या, आणि रात्री उठून न्हाणीघरापर्यंत किती पावलं पडतात ती मोजा. लाकडांची रास कुठे रचायची ते त्यांनाच काठीने दाखवू द्या, आणि त्या दाखवतील तिथे फक्की टाका, तो प्लॅन बदलावा लागला तरी.

दोन्ही आखणींचे फोटो काढून मला पाठवा. सोबत पट्टीने मोजून दोन आकडे लिहा: तुमच्या विहिरीपासून शोषखड्ड्याच्या जागेपर्यंत किती फूट, आणि खालच्या शेजाऱ्यांची विहीर असेल तर तिच्यापासून किती. ते हातात आल्याशिवाय चर खणायला घेऊ नका.